डोहातील छत्र्या

सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावून पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्या वर्षातून दोन निरनिराळी रूपे धारण करतात. आषाढ-श्रावणात त्या दुथडी भरून, दगडधोंडे लोटीत, गढूळ पाण्याच्या लोंढ्यांनी गर्जत जातात. चैत्र-वैशाखात मात्र त्यांची धार तुटते. पात्रातील खडक उघडे पडतात आणि खोलगट जागी उरलेले पाणी डोहाडोहांतून निवांत साचून राहते. गुराखी गुरांना तेथे पाण्यावर आणतात, बाया धुणी धुतात, मुले डुंबतात. असे डोह पिढ्यान्‌पिढ्या सर्वांच्या पाहण्यातले होते. त्यांत शास्त्रज्ञांनी नवल करावे असे काही असेल, ही कल्पना सहसा कोणाच्या मनाला शिवली नसेल.

इ. स. १९११ साली सातारा जिल्ह्यातील अशा डोहांत एका मराठी तरुणाला ते नवल आढळले. स्वच्छ पाण्यात इवल्या इवल्या छत्र्या तरंगत होत्या. त्या रुपयाच्या नाण्याहून लहान, काचेसारख्या पारदर्शक, आणि कडेला केसांसारख्या बारीक तंतूंची झालर असलेल्या अशा होत्या. अशी छत्री मिटली की पाणी मागे लोटले जाते व ती किंचित पुढे सरकते. उघडली की क्षणभर विसावते आणि हळूहळू खाली बुडू लागते. पाहणाऱ्याची नजर जरा चळली तर ती पाण्यातच विरघळल्यासारखी दिसेनाशी होते. ते फूल नव्हते, की पाण्याचा बुडबुडाही नव्हता. तो एक जिवंत प्राणी होता. समुद्रात ज्याला जेलीफिश किंवा छत्रिक म्हणतात, त्याच्याच कुळातला तो होता. परंतु समुद्र तेथून कितीतरी दूर, सह्याद्रीच्या पलीकडे होता आणि डोहातील पाणी गोडे होते. मग हा प्राणी येथे आला कोठून?

हा प्रश्न ज्याच्या मनात उभा राहिला त्या तरुणाचे नाव शंकर पुरुषोत्तम आघारकर. सुधारक म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेले गोपाळ गणेश आगरकर निराळे आणि वनस्पतिशास्त्रज्ञ आघारकर निराळे. दोघांच्या आडनावांत थोडेसेच अंतर असल्यामुळे विद्यार्थ्यांचा पुष्कळदा गोंधळ होतो. म्हणून हा खुलासा येथेच केलेला बरा.

शंकररावांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी कोकणातील मालवण येथे झाला. मालवण हे समुद्राच्या मांडीवर बसलेले गाव. समोर शिवछत्रपतींनी बांधलेला सिंधुदुर्ग, किनाऱ्यावर माडांच्या रांगा आणि भरती-ओहोटीबरोबर वाळूवर येऊन पडणारे नाना तऱ्हेचे जीव, असा तो परिसर. छत्रिकासारखा प्राणी तेथील कोळ्यांना मुळीच अपरिचित नव्हे. जाळ्यात तो आला तर ते त्याला उचलून बाहेर फेकून देतात. मालवणच्या किनाऱ्यावर ज्याची गणना कचऱ्यात होते, तोच प्राणी घाटावरच्या डोहात दिसला तर ते आश्चर्य ठरते. वस्तू कोणती आहे एवढेच पाहून भागत नाही. ती कोठे आहे हेही पाहावे लागते. शंकररावांच्या पुढील सर्व अभ्यासाला हे एक सूत्र लागू पडते.

त्यांचे माध्यमिक शिक्षण धारवाड येथे झाले आणि उच्च शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात. निसर्गविज्ञानाचे अध्ययन पूर्ण करून त्यांनी त्याच महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापनही केले. त्या काळी आपल्याकडील वनस्पतींची व प्राण्यांची शास्त्रीय नोंद बहुधा परदेशी अधिकाऱ्यांनी केलेली असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हेन्री कार्टर नावाच्या एका इंग्रज शल्यवैद्याने मुंबईच्या तलावांतील आणि टाक्यांतील सूक्ष्म जीवांचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला होता. गोड्या पाण्यातील स्पंजांविषयीचे त्याचे निबंध प्रसिद्ध आहेत आणि त्यांपैकी एका स्पंजाला त्याचेच नाव मिळालेले आहे. मुंबईचे पाणी, मुंबईचे स्पंज; पण त्यांच्याकडे डोळे लावून बसणारा मनुष्य मात्र साता समुद्रांपलीकडून आलेला! शंकररावांच्या पिढीतील तरुणांना ही उणीव जाणवू लागली होती. महाविद्यालयातील पुस्तकांवर विसंबून न राहता ते सह्याद्रीच्या डोंगरदऱ्यांतून हिंडू लागले. तेथील झाडे, झुडपे आणि जलचर ते गोळा करीत व बारकाईने तपाशीत.

या भटकंतीतच त्यांना वेण्णा आणि कोयना या नद्यांच्या डोहांतील छत्रिकांचा परिचय झाला. या दोन्ही नद्या महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावतात आणि दोन्ही अखेर कृष्णेस मिळतात. वेण्णा माहुलीजवळ आणि कोयना कराडजवळ.

या दर्शनाचे महत्त्व समजण्यासाठी त्या वेळेपर्यंत जगाला गोड्या पाण्यातील छत्रिकांविषयी किती माहिती होती, हे पाहिले पाहिजे. १८८० सालच्या जून महिन्यात लंडनच्या रीजंट्स पार्क उद्यानातील एका हौदात असा प्राणी प्रथम दिसला. ॲमेझॉन नदीतील प्रचंड पानांचे कमळ वाढविण्यासाठी तो हौद मुद्दाम ऊबदार ठेवलेला होता. कमळाबरोबर हा प्राणीही दक्षिण अमेरिकेतून आला असावा, असा तर्क त्या वेळी करण्यात आला. पुढे कळून आले, की त्याचे मूळ घर चीनमधील यांगत्से नदीच्या खोऱ्यात आहे. त्यानंतर १८८३ साली आफ्रिकेतील टांगानिका सरोवरात दुसऱ्या एका वंशाची छत्रिके आढळली. सरोवर समुद्रापासून शेकडो मैल दूर असल्यामुळे तो कधी काळी समुद्राचाच भाग असेल काय, असा वाद विद्वानांत बराच काळ चालला. हिंदुस्थानातून मात्र अशा प्राण्याची वार्ता नव्हती.

शंकररावांनी आपल्याला आढळलेले नमुने कलकत्त्यास इंडियन म्यूझियममध्ये पाठविले. तेथील अधीक्षक नेल्सन ॲनन्डेल हे गोड्या पाण्यातील प्राण्यांचे मोठे जाणकार होते. हिंदुस्थानातील गोड्या पाण्याचे स्पंज, जलव्याल आणि तत्सम प्राणी यांवरील त्यांचा ग्रंथ त्याच वर्षी, म्हणजे १९११ मध्ये, प्रसिद्ध झाला होता. हे नमुने पाहताच त्यांचे महत्त्व ॲनन्डेल यांनी ओळखले. त्यांनी ‘नेचर’ या जगप्रसिद्ध शास्त्रीय साप्ताहिकात त्या शोधाची वार्ता दिली आणि पुढील वर्षी त्या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. टांगानिका सरोवरातील छत्रिकाचाच हा वंश होता. जात मात्र निराळी होती. म्हणून तिचे नाव लिम्नोक्निडा इंडिका असे ठेवण्यात आले. वेण्णेच्या डोहातील एका इवल्याशा प्राण्याने अशा रीतीने आपल्या देशाचे नाव धारण केले.

येथे एखादा मनुष्य कृतकृत्य होऊन थांबला असता. परंतु एखादी वस्तू सापडणे आणि ती समजणे यांत पुष्कळ अंतर असते. म्यूझियममधील ग्रेव्हली या प्राणिशास्त्रज्ञाच्या सहकार्याने शंकररावांनी या छत्रिकांचा आढळ व सवयी यांची पाहणी केली आणि त्या दोघांचा निबंध १९१२ साली म्यूझियमच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शिशीत घालून जतन केलेला प्राणी आपला आकार सांगतो. तो कसा जगतो हे सांगू शकत नाही. ते जाणून घ्यावयाचे तर नदीच्या काठीच जावे लागते आणि डोहाजवळ तास न् तास बसावे लागते.

या पाहणीतून दिसून आले, की नदीची धार मंदावून डोह शांत झाले म्हणजे उन्हाळ्यात ही छत्रिके दिसू लागतात आणि पावसाळ्याचे लोंढे येताच ती नाहीशी होतात. पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म जीवांवर ती आपली उपजीविका करतात. त्यांच्या झालरीच्या तंतूंवर बारीक दंशपेशी असतात; त्यांच्या डंखाने भक्ष्य बधिर होते. माणसाच्या हाताला मात्र या डंखाची बाधा होत नाही.

मग प्रश्न असा पडतो, की पूर आल्यावर ही नाजूक छत्रिके जातात कोठे? आणि वर्षभराने त्याच डोहात पुन्हा येतात कोठून? या कोड्याच्या उत्तराचा धागा दूर अमेरिकेत, पाण्याने भरलेल्या काचपात्रात सापडला होता. १८८५ साली फिलाडेल्फिया शहराजवळच्या एका ओढ्यातून आणलेल्या दगडांवर एडवर्ड पॉट्स या निरीक्षकाला एक विलक्षण जीव चिकटलेला आढळला. तो जेमतेम अर्धा मिलिमीटर उंचीचा होता. त्याला हात नव्हते, तंतू नव्हते. एखाद्या सूक्ष्म बाटलीसारखा तो दगडावर उभा होता. पॉट्स यांनी तो पाण्यात जिवंत ठेवून धीराने त्याच्यावर नजर ठेवली. काही वर्षांनी त्या जिवाच्या अंगावर कळी धरली आणि ती कळी सुटून एक चिमुकले छत्रिक पाण्यात पोहू लागल्याचे त्यांना दिसले. लंडनच्या हौदातील छत्रिक आणि ओढ्याच्या दगडावरील हा जीव ही एकाच प्राण्याची दोन रूपे आहेत, हे पुढे बऱ्याच वर्षांनी निश्चित झाले.

या दगडावर राहणाऱ्या रूपाला पॉलिप म्हणतात. त्याचे जीवन मोठे मनोवेधक आहे. थंडीचे किंवा अन्य संकटाचे दिवस आले म्हणजे तो आपले अंग आखडून घेतो आणि कठीण कवचाच्या एका सूक्ष्म गोळीसारखा निपचित पडून राहतो. ऊब आणि अन्न मिळू लागले की त्या गोळीतून तो पुन्हा उभा राहतो. गोड्या पाण्यातील अनेक सूक्ष्म जीवांनी ही युक्ती साध्य केली आहे. स्पंज आटत्या पाण्यात आपल्या शरीरात बीजासारखे गोळे तयार करून ठेवतो; स्पंज मरतो, पण गोळे तगतात. एकपेशीय प्राणी आपल्याभोवती कवच रचतात. ज्या तलावाचा तळ उन्हाने भेगाळला आहे, त्याच्या मातीतही असे कितीतरी जीव पहिल्या पावसाची वाट पाहात पडलेले असतात. वरवर पाहणाऱ्याला तो तलाव मेलेला वाटतो. वस्तुतः तो झोपलेला असतो.

शंकररावांच्या शोधातून आणखी एक मोठा प्रश्न उद्भवला. आफ्रिकेत ज्या वंशाची छत्रिके आहेत, त्याच वंशाची छत्रिके सह्याद्रीत कशी? दोहोंच्या मध्ये हिंदी महासागर पसरलेला आहे आणि गोड्या पाण्यातील हा कोमल प्राणी खारा समुद्र ओलांडू शकत नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी आफ्रिका, हिंदुस्थान आणि दक्षिणेकडील इतर भूखंड एकत्र जोडलेले होते, हे आज सर्वमान्य आहे. त्या प्राचीन भूमीला गोंडवन म्हणतात. भूखंड सरकतात हा विचार आल्फ्रेड व्हेगेनर यांनी मांडला तो १९१२ साली, म्हणजे याच सुमारास. आणि त्या वेळी बहुतेकांनी तो हसण्यावारी नेला. दोन देशांतील सारखे जीव पाहिले म्हणजे जुन्या भूमीची आठवण होते खरी. परंतु सुकलेल्या सूक्ष्म गोळ्या पक्ष्यांच्या पायांना चिकटूनही दूरवर जाऊ शकतात. तेव्हा जीव एका स्थळाहून दुसऱ्या स्थळी कसे पोहोचतात, हा विचार सावधपणे आणि भरपूर पुराव्यानिशी करावा लागतो. शंकररावांच्या पुढील संशोधनाचा विषय नेमका हाच ठरला. फरक एवढाच, की तेथे प्राण्यांच्या जागी वनस्पती आल्या.

तो योग असा जुळून आला. १९१३ साली कलकत्त्याचे विख्यात कायदेपंडित रासबिहारी घोष यांनी कलकत्ता विद्यापीठाला विज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी दहा लाख रुपयांची देणगी दिली. तीतून निर्माण होणाऱ्या प्राध्यापकपदांवर भारतीय विद्वानांचीच नेमणूक व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. कुलगुरू आशुतोष मुखर्जी यांनी देशभरातून गुणी तरुण शोधून काढले. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकपदासाठी त्यांची नजर शंकररावांवर गेली. तिशीही न गाठलेल्या एका मालवणी तरुणाच्या गळ्यात बंगालच्या विद्यापीठाने मानाची माळ घातली. नव्या प्राध्यापकांनी प्रथम युरोपात जाऊन अद्ययावत ज्ञान संपादन करावे, अशी योजना होती. तदनुसार १९१४ साली शंकरराव जर्मनीस गेले. त्याच विद्यापीठाचे पदार्थविज्ञानाचे नवे प्राध्यापक देवेंद्रमोहन बोस हेही बर्लिनला आले होते.

परंतु त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात पहिल्या महायुद्धाचा वणवा पेटला. हिंदुस्थान ब्रिटिशांच्या अमलाखाली असल्यामुळे येथील विद्यार्थी जर्मनांच्या दृष्टीने शत्रूचे प्रजाजन ठरले. शंकररावांवर स्थानबद्धतेचा प्रसंग आला. मायदेशी परतण्याची वाट बंद झाली. जे राज्य त्यांनी निवडले नव्हते, त्या राज्याच्या युद्धाचे प्रायश्चित्त त्यांना परक्या देशात भोगावे लागले. कलकत्त्यास त्यांचे पद रिकामे होते, विभाग उभारावयाचा होता, वय चाललेले होते. एक-दोन वर्षांसाठी आलेल्या माणसाला युद्ध संपेपर्यंतची वर्षे तेथेच काढावी लागली. हा काळ केवळ चिंतेत आणि संतापात दवडणे सहज शक्य होते, आणि त्याबद्दल कोणी त्यांना दोषही दिला नसता.

शंकररावांनी तसे केले नाही. आटलेल्या डोहाच्या तळाशी तो सूक्ष्म जीव जसा तग धरून राहतो, तसे ते राहिले. संधी मिळताच बर्लिनमध्ये आडोल्फ एंगलर यांच्यापाशी त्यांनी आपला अभ्यास चालू ठेवला. एंगलर हे बर्लिनच्या सुप्रसिद्ध वनस्पती-उद्यानाचे संचालक आणि वनस्पतींच्या भौगोलिक वितरणाचे त्या काळातील अग्रगण्य पंडित होते. शंकररावांनी प्रबंधासाठी विषय घेतला तो मायदेशाचाच. वायव्य हिंदुस्थानातील रुक्ष, वालुकामय आणि क्षारयुक्त प्रदेशांत वाढणाऱ्या वनस्पतींचा प्रसार कोणत्या साधनांनी होतो आणि त्या मूळच्या कोठल्या, याचा त्यांनी शोध घेतला. कोणाच्या बियांना पंख असतात, त्या वाऱ्यावर उडतात. कोणाच्या फळांना काटे वा आकडे असतात, ती जनावरांच्या केसांत अडकून जातात. कोणाची बी पाण्यावर वाहत जाते, तर कोणाची पक्ष्यांच्या पोटातून प्रवास करते. या लहानसहान गोष्टींची जुळणी करून एखाद्या प्रदेशातील वनस्पतींचा इतिहास वाचता येतो. युद्धाच्या छायेत, परक्या देशात बसून, त्यांनी आपल्या देशातील वाळवंटाचा हा इतिहास लिहिला. बर्लिन विद्यापीठाची पदवी त्यांना मिळाली आणि त्यांचा जर्मन भाषेतील प्रबंध १९२० साली एंगलर यांच्या वार्षिकात प्रसिद्ध झाला.

मायदेशी परतल्यावर शंकररावांनी कलकत्त्यास आपल्या पदाची धुरा वाहिली. १९४६ पर्यंतचा त्यांचा काळ त्या विद्यापीठाच्या सेवेत गेला. त्यांनी अध्यापन केले, विद्यार्थ्यांना संशोधनाची दिशा दाखविली आणि हिमालयात व नेपाळात जाऊन वनस्पतींचे नमुने जमविले. वर्गातील फळ्यावर काढलेल्या आकृतीपेक्षा रानातील जिवंत रोप अधिक शिकविते, अशी त्यांची कार्यपद्धती होती. देशातील विज्ञानाचे कार्य विखुरलेले राहू नये, यासाठीही ते झटले. भारतीय विज्ञान परिषदेच्या चिटणीसपदाची जबाबदारी त्यांनी सांभाळली. १९३५ साली कलकत्त्यात राष्ट्रीय विज्ञान संस्था स्थापन झाली, तिच्या संस्थापक सदस्यांत त्यांचा समावेश होता. हीच संस्था पुढे दिल्लीतील भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी म्हणून ओळखली जाऊ लागली.

एकसष्ट-बासष्टाव्या वर्षी सेवानिवृत्त झालेल्या माणसाने विश्रांती घ्यावी, हा जगाचा सर्वसाधारण नियम. शंकरराव कलकत्त्याहून पुण्यास आले ते नव्या कामाचा संकल्प घेऊन. बंगालमध्ये विज्ञानासाठी देणग्या मिळाल्या, प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. महाराष्ट्रातही विद्यापीठाबाहेर स्वतंत्रपणे संशोधन करणारी तशी संस्था असणे अगत्याचे होते. काही विद्याप्रेमी मंडळींच्या सहकार्याने १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था स्थापन झाली आणि शंकरराव तिचे पहिले संचालक झाले. प्रारंभी साधने तुटपुंजी होती, जागेची अडचण होती. ज्यांनी एका मोठ्या विद्यापीठात सन्मानाने काम केले होते, त्यांनी उतारवयात पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. २ सप्टेंबर १९६० रोजी त्यांचे निधन झाले, तोपर्यंत संस्थेच्या संचालकपदाची धुरा त्यांच्याच खांद्यावर होती. १९९२ साली या संस्थेच्या संशोधन केंद्राला आघारकर संशोधन संस्था असे नाव देण्यात आले.

संस्थेने पुढे वनस्पती, सूक्ष्मजीव, शेती अशा अनेक क्षेत्रांत काम वाढविले. तिने गहू, सोयाबीन आणि द्राक्ष यांचे सुधारित वाण निर्माण केले. तिच्या सोयाबीनच्या व गव्हाच्या वाणांच्या नावात ‘एमएसीएस’ ही अक्षरे असतात. ती महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे होत. बीजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कशी जातात, याचा विचार ज्या माणसाने स्थानबद्धतेच्या काळात केला, त्याने लावलेल्या रोपट्याची बीजे अशा रीतीने शेतकऱ्यांच्या शिवारापर्यंत पोहोचली.

त्या बीजांचा मागोवा घेत मराठवाड्यात यावे तर जालना जिल्हा लागतो. बियाण्यांच्या व्यापारासाठी जालना शहराचे नाव सर्वदूर झाले आहे आणि जिल्ह्यात सोयाबीनची शेते दूरवर पसरलेली असतात. हा प्रदेश पर्जन्याच्या बाबतीत दुबळा. शहरातून वाहणारी कुंडलिका नदी, तिला पोटात घेणारी दुधना, घाणेवाडीचा आणि मोतीबागेजवळचा तलाव, यांचे पाणी चैत्र-वैशाखात खाली खाली जाते. कडक उन्हाळ्यात पात्रात एखादाच डोह उरतो. त्याच्याकडे पाहून मनुष्य पाण्याची काळजी करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या ओंजळभर पाण्यात एक मोठी वस्ती नांदत असते, हेही विसरता कामा नये.

ती वस्ती पाहण्यासाठी कलकत्त्याच्या म्यूझियमची किंवा बर्लिनच्या उद्यानाची आवश्यकता नाही. काचेच्या एका स्वच्छ बरणीत तलावाचे पाणी, तळाला चिमूटभर गाळ आणि पाण्यावर तरंगणाऱ्या बारीक हिरव्या टिकल्यांसारख्या वनस्पती घ्याव्या. बरणी उजेडात, पण प्रखर उन्हापासून दूर ठेवावी आणि दोन-चार दिवस तिला हलवू नये. मग भिंग घेऊन शांतपणे पाहावे. काचेला किंवा वनस्पतीच्या मुळाला चिकटलेला, दोऱ्याच्या तुकड्यासारखा एखादा जलव्याल आपले तंतू पसरून बसलेला दिसण्याचा संभव असतो. तो तंतूंनी भक्ष्य पकडतो आणि डोहातील छत्रिकांशी त्याचे दूरचे नाते आहे. टुणटुण उड्या मारीत जाणारे ठिपक्यांएवढे जीव म्हणजे पाणपिसवा. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब ठेवला तर चपलेच्या आकाराचे पॅरामिशियम लगबगीने धावताना दिसतात आणि तोंडाशी चक्रे फिरत असल्याचा भास करविणारे रोटिफर नजरेस पडतात. निरीक्षणानंतर बरणीतील पाणी जेथून आणले तेथेच सोडावे आणि हात स्वच्छ धुवावे.

रोज थोडे पाहून जे दिसले ते तारीख घालून वहीत टिपण्याचा अभ्यास ठेवला, तर काय वाढले, काय नाहीसे झाले आणि काय पुन्हा प्रकट झाले, हे महिन्याभरात ध्यानात येते. मेडसिंगी, अंबड, भोकरदन वा परतूर, कोणत्याही गावच्या मुलाला हे साध्य आहे. त्यासाठी लागणारी सामग्री अल्प. लागणारा धीर मात्र पुष्कळ.

वेण्णा आणि कोयना या नद्यांवर आज धरणे झाली आहेत. कोयनेचे पाणी शिवसागर जलाशयात अडले आहे आणि नदीचा स्वभाव पालटला आहे. जे डोह शंकररावांनी पाहिले ते जसेच्या तसे आज आढळतील असे नाही. दक्षिण भारतातील इतर काही नद्यांतही पुढे ही छत्रिके सापडली. तरी ती सर्वत्र दिसत नाहीत. ज्या जलचराची नोंद कोणी केलेली नाही, तो नाहीसा झाला तर त्याची हळहळ वाटण्याइतकीही आठवण मागे राहत नाही. म्हणून पाहणाऱ्याचे काम मोलाचे असते. डोहाकाठी अनेक माणसे गेली आणि पाणी भरून परतली. एक तरुण तेथे वाकला, त्याने प्रश्न विचारला, आणि त्या प्रश्नाची सोबत त्याने आयुष्यभर सोडली नाही. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या जीवनाचे सार्थक यातच आहे.